कुकरात कॅमेरा

मुबश्शिरने बायकोचा कुकर पळवला तो सकाळी, ती लेकीला, यूसराला, शाळेत सोडायला गेली तेव्हा. पळवला म्हणजे पिशवीत घातला, ग्रिलवाल्याच्या दुकानात नेला आणि त्याच्या बुडाला बशीएवढं भोक पाडून घेतलं. इफ्राला त्याचा पत्ता लागला दुपारी, डाळ शिजायला घालायच्या वेळी.

"कुकर कुठी हाय?"

"स्टुडिओत."

"स्टुडिओत काय करून राह्यला तो?"

"त्याले काच लावून राह्यलो."

इफ्राने हातातली डाळ खाली ठेवली. माहेराहून आलेला कुकर होता, पाच लिटरचा, आणि तिच्या सगळ्या भांड्यांत तोच एक कधी कुरकुरला नव्हता. "डोक्यावर परिनाम झाला का तुमच्या?" तिने विचारलं. प्रश्न रागाचा कमी आणि काळजीचा जास्त होता.

परिणाम झाला होता तो ड्रोनचा. मुबश्शिरचा आसेगावात फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाच्या दिवसांत तो बरा चाले. मग वीरेंद्रने ड्रोन आणला. डोक्यावर ती वस्तू भिरभिरल्याशिवाय लोकांना लग्न लागल्यासारखं वाटेना. गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली आणि मुबश्शिरकडे उरले ते पासपोर्ट फोटो. त्याचे सासरे निजामुद्दीन यांचं वाशीमला चपला-बुटांचं दुकान होतं. दर शुक्रवारी नमाजनंतर त्यांचा फोन येई, "जमाईबाबू, हा हंगाम पाह्यून घ्या. नाई जमलं तं शटर खाली ओढा अन् दुकानात या. गल्ला तुमचाच हाय." माणूस भला होता, म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं. पण ज्याचं सगळं आयुष्य लोकांचे चेहरे पाहण्यात गेलं, त्याला उरलेलं आयुष्य त्यांचे पाय पाहण्यात घालवायचं नव्हतं.

अशात तांड्यावरच्या दौलतसिंगचा मुलगा रविकांत स्टुडिओत आला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. तो खुर्चीवर बसलासुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "वीरेंद्रभाऊ आभायातून काढते. तुमी कुठून काढता?"

"मी पान्याखालून काढतो," मुबश्शिर म्हणाला.

हे वाक्य तोंडातून कसं निघालं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रविकांत मात्र बसला. एवढंच नाही, तर चहा घेऊन, काम पक्कं करूनच उठला. त्यांच्या शेतात शेततळं होतं, निळ्या प्लास्टिकचं, विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं. "मले पोहनं येते," जाताजाता तो म्हणाला, "नीताले पन येते."

"मले येत नाई," हे वाक्य मात्र मुबश्शिरने गिळलं.

आता कॅमेरा पाण्याखाली न्यायचा कसा? कॅमेऱ्यासाठी बनवलेली पाणीबंद पेटी मोबाइलवर दिसली. तिची किंमत पाहून त्याला वाटलं, पेटीबरोबर थोडा समुद्रही देत असतील. मग त्याने प्लास्टिकची पारदर्शक पिशवी मागवली. शहाणपण एवढंच केलं, की आधी तिच्यात कागदी रुमाल घालून ती बादलीत बुडवली. रुमालाचा लगदा झाला. अकोल्याच्या मित्राने अंगठ्याएवढा खेळाडूंचा कॅमेरा वापरून पाहायला दिला. तो पाण्याला भीत नव्हता, पण त्यात चार हातांवरचा माणूस मुंगीएवढा दिसे. नवरी मुंगीएवढी आली तर पैसे कोण देणार?

आणि एके दिवशी जेवताना कुकरची शिट्टी झाली. मुबश्शिरचा घास हातातच राहिला. जे भांडं आतली वाफ बाहेर सोडत नाही, ते बाहेरचं पाणी आत का घेईल? रबर होतं, घट्ट झाकण होतं. बुडाला काच बसवली आणि शिट्टीची जागा बुजवली की झालं काम. ग्रिलवाल्याने भोक पाडलं, काचवाल्याने जाड काच दिली, माशांच्या टाकीला लावतात तो डिंक सगळीकडून फासला. मग आत वर्तमानपत्र घालून कुकर हौदात दाबून धरला. बाहेर काढला तेव्हा पेपर इतका कोरडा होता, की मुबश्शिरने आनंदाच्या भरात तो शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला.

इफ्राचा राग तोवर कुतूहलावर आला होता. "दाबून कायले धरता? सोडून पाहा," ती म्हणाली. त्याने सोडला. कुकर टुणकन वर आला आणि हौदभर तरंगत फिरू लागला. त्याला बुडवायला वजन हवं होतं. मुबश्शिरची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

"वरवंट्याले हात लावसान तं याद राखा!"

वरवंटा कुकरच्या पोटाला बांधला गेला. घरात त्या दिवसापासून चटणी बंद झाली.

दुसरी अडचण घामाची. थंड पाण्यात गेल्यावर काच आतून धुरकट होई. ओल शोषायला बुटांच्या डब्यांत त्या पांढऱ्या पुड्या असतात हे त्याला आठवलं आणि तो वाशीमला सासऱ्यांच्या दुकानात जाऊन पोचला. दिवसभर तो एकेक डबा उघडून आत डोकावत होता. निजामुद्दीन गल्ल्यावरून पाहत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. "माल समजून घेऊन राह्यला पोरगा," त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, आणि जावयाच्या बसण्यासाठी नवी गादी शिवायला टाकली.

शेवटची अडचण सगळ्यांत मोठी होती. झाकण लावल्यावर बटण दाबायचं कसं? मोबाइलवरून कॅमेरा चालवायची सोय होती, पण ती धातूच्या आणि पाण्याच्या पलीकडे पोचेना. अखेर त्याने कॅमेऱ्यालाच सांगून ठेवलं, की थोड्या थोड्या वेळाने आपला आपण फोटो काढत जा. म्हणजे फोटो कॅमेरा काढणार आणि फोटोग्राफर काठावर दोरी धरून उभा राहणार. पोहता न येणाऱ्याला ही व्यवस्था फारच सोयीची वाटली.

ठरलेल्या सकाळी तो कुकर घेऊन शेततळ्यावर गेला. रविकांत सूट घालून आला होता. नीताने वाशीमहून पायघोळ लाल गाऊन भाड्याने आणला होता. शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, म्हणून काठाला गाठी मारलेले दोर बांधले होते आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा सोडल्या होत्या. आणि या सगळ्यावर देखरेख करायला रविकांतची आत्या, कमलीबाई, आल्या होत्या. लग्नाआधी पोरा-पोरीला एकटं सोडायचं नाही, असं घरात ठरलं होतं. कमलीबाई तांड्यावरच्या जुन्या बायकांसारख्या पूर्ण फेटिया-कांचळीत होत्या. घेरदार घागऱ्यावर, चोळीवर, ओढणीवर, जिथे हात पुरेल तिथे आरसे जडवलेले.

"कुठी काढनार फोटो?" त्यांनी विचारलं.

"पान्याखाली, आत्याबाई."

"पान्याखाली दोघंच?"

"हाओ."

कमलीबाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग पोराकडे, मग पोरीकडे. "वरचं मले दिसते. खालचं कोन पाह्यनार?"

दौलतसिंग खाकरले. "बाई, तू काठावरच बैस—"

"मी अडान नदीच्या डोहात पोहली तवा तू रांगत होता," असं म्हणून कमलीबाईंनी ओढणी खोचली आणि आरशांसकट पाण्यात उडी मारली.

पुढचा तासभर मुबश्शिरच्या आयुष्यात फार वाईट गेला. नीताचा गाऊन हवेने फुगला आणि तिला खाली जाऊ देईना. रविकांतचं पोहणं म्हणजे ट्यूब धरून पाय हलवणं, हे सगळ्यांना कळलं. तो श्वास कोंडून बुडी मारे, गाल फुगवून, डोळे मिटून, आणि लगेच खोकत वर येई. दोघांचे हात जवळ आले रे आले की मधूनच कमलीबाई उगवत. कुकर दोरीला स्वतःभोवती गरगर फिरत होता आणि वाटेल तेव्हा वाटेल त्याचा फोटो काढत होता. "तिकडे नाई, इकडे पाहा!" मुबश्शिर काठावरून ओरडत होता. पाण्याखाली कोणाला ऐकू येणार?

फोटो पाहायला सगळे दौलतसिंगच्या ओसरीवर जमले. मुबश्शिरने लॅपटॉप उघडला. रविकांतचे फुगलेले गाल. नीताचे नुसते पाय, त्यावर लाल ढग. रविकांतची कॉलर आणि ती धरून त्याला वर ओढणारा कमलीबाईंचा हात. नीता तोंडावर हात ठेवून हसत होती. रविकांत हसत नव्हता.

"हे कार्डावर छापू काय मी?" तो म्हणाला. "वीरेंद्रभाऊले फोन लावतो."

मुबश्शिरला सासऱ्यांचं दुकान दिसू लागलं. त्याने पुढचा फोटो लावला, आणि रविकांतने खिशातून काढलेला फोन तसाच परत ठेवला.

निळ्या पाण्यात कमलीबाई होत्या. डोळे उघडे, चेहरा शांत. फेटियाचा सगळा घेर पाण्यात पसरलेला आणि वरून आलेलं ऊन त्यांच्या एकूणएक आरशात उतरलेलं. बाकी सगळं निळसर, मंद. त्या मात्र लखलखत होत्या. त्याच्यापुढचाही त्यांचाच. त्याच्यापुढचाही.

"हे मी हाव?" कमलीबाईंनी हळूच विचारलं.

"हाओ, आत्याबाई."

त्या पडद्याजवळ सरकल्या. "आधार कार्डावर मी अशी दिसतो, जशी कोनी धरून आनली. इथी पाह्य..." त्यांनी बोटाने फोटोतला आपला गाल जपून शिवून पाहिला. "मले मीच आवडली बापा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुबश्शिरने इतकी वर्षं फोटो काढले, पण फोटो पाहून कोणी असं बोलल्याचं त्याला आठवेना.

नीताने होणाऱ्या सासऱ्यांकडे, दौलतसिंगकडे, बिनधास्त पाहिलं. "मांडवाच्या दाराले हाच लावा."

लागला. माणसापेक्षा मोठा. लग्नात वीरेंद्रचा ड्रोन डोक्यावर भिरभिरत राहिला, पण वर कोणीच पाहीना. सगळे दारातच खोळंबले होते.

पुढच्या आठवड्यात निजामुद्दीन मोटारसायकलवर आसेगावला आले. भर दुपारी स्टुडिओचं शटर खाली होतं. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, "अक्कल आली." चहावाल्याने सांगितलं की जमाईबाबू दौलतसिंगच्या शेतात गेले. निरोपाला गेले असतील असं समजून सासरेबुवा मायेने तिकडे निघाले.

शेततळ्याच्या काठावर आसपासच्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या, नटूनथटून, उन्हात सगळ्याच चमकत. पाण्यात कंबरेला ट्यूब अडकवून त्यांचा जावई हातपाय झाडत होता आणि कमलीबाई शेजारून त्याच्यावर खेकसत होत्या. "हात मार, हात! पाय काय नुसते बाजाराले जायाले देल्ले काय? फोटो काढनाऱ्याले पोहता नाई येत, शरम नाई वाटत?"

"जमाईबाबू!" निजामुद्दीन ओरडले. "शटर कायले बंद हाय? अन् दुकानाचं काय ठरवलं तुमी?"

मुबश्शिरच्या तोंडात पाणी गेलं होतं, त्याला बोलता येईना. उत्तर कमलीबाईंनी दिलं. त्यांनी निजामुद्दीनना टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चाचा, आज बायांच्या फोटोचा नंबर हाय. मानसांचा मंगयवारी."

निजामुद्दीन जायला वळले. दोन पावलं गेले, थांबले. पाण्याकडे पाहिलं, काठावरच्या त्या लखलखाटाकडे पाहिलं, आणि दाढीवरून हात फिरवत, कोणी ऐकू नये अशा बेताने विचारलं,

"मंगयवारी किती वाजता?"