पाणबुडीवाल्यांची लांबची नजर

ऐंशी दिवसांनी बाबा समुद्राखालून वर आले, पाणबुडी परतली की धक्क्यावर रिवाजाने मानाचं मिळतं ते भाजलेलं डुकराचं पिल्लू बगलेत मारून घरी पोचले, आणि दुसऱ्याच दिवशी झ्लाताच्या शाळेची स्कीची शर्यत. सात वर्षांत बाबा तिच्या एकाही शर्यतीला नव्हते. यंदा तिला दोन्ही हवं होतं: पहिला नंबर, आणि शेवटच्या चढावर तिच्या नावाने ओरडणारे बाबा.

"दोन जिने चढलास तर भात्यासारखा धापतोयस," आई म्हणाली. "चाललास शर्यतीला."

"तीन महिने चाळीस पावलांपलीकडे चाललोय कुठे मी?" कणकेच्या गोळ्यासारख्या पांढऱ्या चेहऱ्याने बाबा हसले. मग हळूच म्हणाले, "झ्लाता, डॉक्टर असणार ना तिथे? इतके दिवस पाणबुडीच्या भिंतीच बघून मला लांबचं सगळं धूसर दिसतंय हे त्याला कळलं, तर आजच बसमध्ये कोंबून खलाशांच्या आरोग्यधामात सक्तीच्या विश्रांतीला धाडेल."

डॉक्टर ग्लेब आर्काद्येविच त्याच पाणबुडीवरचे. त्यांची मुलगी वासिलिसाही शर्यतीत होती.

"मग मला ओळखणार कसं?"

"टोपी कुठली तुझी?"

"पिवळी."

"झालं तर. पिवळी दिसली की ओरडायचं."

शर्यतीआधी टोप्यांची अदलाबदल करायची, हा झ्लाता आणि वासिलिसाचा पहिलीपासूनचा नेम. तशी ती झाली. वासिलिसाची हिरवी टोपी कानांवर ओढली, शिट्टी वाजली, आणि मग झ्लाताला आठवलं: बाबा पिवळी टोपी शोधणार.

शेवटच्या चढावर पिवळ्या टोपीतली वासिलिसा दोन हात पुढे होती. बाबा आणि डॉक्टर शेजारी शेजारी उभे.

"चल गं माझ्या वाघिणी," बाबा बेंबीच्या देठापासून ओरडले, "त्या हिरवीला फिरकू देऊ नकोस जवळ!"

सात वर्षं वाट पाहिली ती यासाठी? झ्लाताला असा काही संताप आला की पाय आपोआप उडायला लागले. त्यात डॉक्टर गरजत होते, "हिरवे, सोडू नकोस! त्या पिवळीत काही दम नाही." पोटच्या पोरीला असं म्हणतात? वासिलिसाने मान वळवून वडिलांकडे पाहिलं, आणि तेवढ्यात झ्लाता सुळकन पुढे निघून रेषेपार झाली.

डॉक्टर सहा पावलं धावले, धापा टाकत तिला मिठी मारून म्हणाले, "शाब्बास, माझी वासिलिसा."

पलीकडे बाबा पिवळ्या टोपीवरून हात फिरवत होते. "जाऊ दे बाळा. ती हिरवी म्हणजे नुसती चेटकीण होती."

"काका," टोपीखालून वासिलिसा म्हणाली, "ती चेटकीण तुमचीच आहे."

हातभर अंतरावरचं दोघांनाही उत्तम दिसत होतं. बाबांनी खाली पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रोदिओन माकारोविच," डॉक्टर खाकरले, "तीन दिवस घरात पडून राहा असं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की. आणि तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? मीच डॉक्टर." ते ताठ झाले. "माझी नजर ठणठणीत आहे. त्या टोकाला पांढरी पाटी आहे, ती दिसते तुम्हाला?"

"स्वच्छ दिसते. अक्षरं जरा बारीक आहेत, एवढंच."

"अगदी बरोबर. मलाही तसंच वाटलं."

पाटी चालत चालत जवळ आली, पांढऱ्या कोटाच्या खिशातून तिने पदक काढलं आणि झ्लाताच्या गळ्यात घातलं.

"अभिनंदन," मुख्याध्यापिका म्हणाल्या.