आंघोळीच्या पाण्यावरचं अळू

सकाळी भेटल्यावर माणसं चहा झाला का, असं विचारतात. आमचे शेजारी तात्या विचारतात, "सर, आंगूळ झाली का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

तात्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नोकरीसाठी जामखेडला आलो तेव्हा मला पहिल्यांदा 'सर' म्हणणारे आणि शब्द टाकून शेजारची खोली मिळवून देणारे तेच. त्या खोलीच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या अळूच्या वाफ्यात जातं, हे मला मागाहून कळलं.

जामखेडसारख्या दुष्काळी गावात अळू लावणं हे मुळात धाडसच. पण तात्यांनी स्वतःचं, आमचं आणि पलीकडच्या घराचं पाणी चर खणून परसात आणलंय. त्यामुळे कुणाच्या घरात किती बादल्या झाल्या, हे त्यांना पाठ. एकदा मी घाईत अर्ध्या बादलीत उरकलं, तर दारात हजर. "आजारी हायेत का सर?" बायकोनं साबण बदलला तेव्हा म्हणाले, "म्याडम, ह्यो लई कडक हाय. पानं पिवळी पडत्यात."

पानं ते गल्लीभर वाटतात. स्वतः खात नाहीत; घसा खाजतो म्हणतात.

अळू खरं तर काकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं. त्या भंडारदऱ्याकडच्या, पावसाच्या मुलखातल्या. कंद त्यांनी माहेराहून आणले. तीन वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेल्या. "पोरगं चालाय लागलं की येते, तवर माझं अळू जगवा," म्हणाल्या. नातू आता शाळेत जातो.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. "अळू कसं हाय?" "ब्येस हाय." संपला फोन.

यंदा मे महिन्यात टँकर आठवड्यातून एकदाच यायला लागला. पलीकडचे सुट्टीला गेलेले, त्यात आम्हीही लग्नासाठी गावी निघालो.

"किती दिस?" तात्यांनी विचारलं.

"आठ."

"म्हंजी सोळा आंगुळी गेल्या."

परतलो तेव्हा पानं जमिनीला टेकली होती. तात्यांनी कंद खणून ओल्या पोत्यात गुंडाळले होते आणि पोतं शेजारी घेऊन बसले होते. मला उगीच अपराधी वाटलं. "पावसात पुन्हा फुटतील," मी म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला.

"अळू कसं हाय?"

नेहमीचंच उत्तर देतील, असं मला वाटलं.

"गेलं," तात्या म्हणाले.

"गेलं? पानी न्हाई घातलं तुमी?"

"घातलं की. माझ्या आंगुळीचं. अगं, एका मानसाच्या आंगुळीवर अळू जगत न्हाई."

तिकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मग काकूंनी हळूच विचारलं, "कंद तरी ऱ्हायलेत का?"

"हायेत," तात्या म्हणाले, आणि प्यायच्या तांब्यातलं पाणी पोत्यावर शिंपडलं.