आकड्यांचे पाणी

ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगलेला असतो, तिची देखभाल त्याच माणसाकडे सोपवणे कोणत्याही सुधारलेल्या राज्यात शिष्टसंमत नाही. सोलापुरात झाडे थोडी. म्हणून त्यांची निगा राखणारे आमचे वृक्षछाटणी खाते मोठे. टेबलाशी बसणारे अकरा आणि झाडावर चढणारा एक, बिरप्पा. त्याच्यासाठी खात्याने विलायतेहून लोखंडी आकडे मागवले. पायांना बांधायचे, टोक सालीत रुतवायचे आणि वर चढायचे. (अकराजणांनी ते आधी खुर्चीत बसून बांधून पाहिले. कोणीही पडले नाही.)

वर्षभरात टोके बोथटली. बिरप्पा हेडक्लार्क यज्ञेश्वरपंतांपुढे उभा राहिला.

"रावसाहेब, आकडं सालीवरनं घसरत्यात. एक कानस द्या, मी हातानं हळू घासतो. फिरत्या साणंच्या दगडावर मातूर धरू नगा, तापून पाणी जातंय."

"कुणाचं?"

"आकड्यांचं की! त्येंचं पाणी गेलं का मी गेलो."

पोलादाचे पाणी म्हणजे त्याचा कणखरपणा, हे लोहाराला ठाऊक असते. पंतांना व्याकरण ठाऊक होते. त्यांनी तत्काळ हुकूम काढला: 'आकड्यांचे पाणी कोणत्याही कारणास्तव जाऊ देऊ नये.' आकडे भरल्या घंगाळात ठेवले गेले. ऐन वैशाखात सारी पेठ घागरी घेऊन नळापाशी भांडत होती. घंगाळ मात्र काठोकाठ. दिवसातून तीनदा बोट बुडवून तपासणी. कानशीचा अर्ज अनावश्यक म्हणून निकाली.

महिन्याने आकडे बाहेर निघाले ते गुळाच्या रंगाचे.

"ह्ये काय केलंसा! गंजलं की सगळं!"

"ते राहू दे. पाणी गेलं का? थेंबभर तरी?"

बिरप्पा नखाने गंज खरवडून दाखवू लागला. (अडाणी माणूस.) आकडे सुस्थितीत असल्याचा दाखला तयारच होता. बिरप्पा चिंचेवर चढला. बारा हातांवर आकडा सुटला. कंबर गेली. आता केराबाई, त्याची बायको, त्याला उचलून उन्हात ठेवते आणि उचलून आत नेते.

चौकशीत पाणी पुरेपूर भरले. दोष बिरप्पाचा: अकारण उंचावर असणे.

पंतांना हसलात? हसा. पण त्या दाखल्याशिवाय बिरप्पाला झाडावर चढवता आले नसते, आणि दाखल्यावर पाच सुशिक्षित नागरिकांच्या सह्या लागतात. शिपाई तो घेऊन तुमच्या ओसरीवर आला होता. "आकडं एकदा बघून घ्या की," असे म्हणालाही होता. तुमचा चहा निवत होता.

तिसरी सही तुमची. अक्षर मोठे सुरेख आहे.