लागली की लावली?

आग लागली की लावली, हे आकाशातून ओळखणारा माणूस साऱ्या खात्यात एकच, आणि तो म्हणजे आपण, अशी दुर्बीणरावांची पक्की समजूत होती. उपग्रहाने पाठवलेल्या चित्रांत आगीचे लाल ठिपके शोधायचे, हे त्यांचं काम. दुर्बीणराव हे नाव ऑफिसातल्यांनी चेष्टेनं ठेवलेलं. त्यांना ते पदवीसारखं वाटे.

"लागलेली आग वाट फुटेल तिकडे धावते, आई," जेवताना ते सासूबाईंना समजावत होते. "लावलेली कशी शिस्तीत, एका रेषेत चालते."

सासूबाई गालातल्या गालात हसल्या. माळावरचं वाळलेलं गवत दरवर्षी मुद्दाम जाळणाऱ्या तुकडीच्या त्या प्रमुख. जुनं वेळेवर जाळलं की नवं जोमानं फुटतं आणि पुढे वणव्याची भीती राहत नाही. बाई कामाला वाघ, पण जावयाच्या खुर्चीतल्या कामाला त्या आजवर काम म्हणाल्या नव्हत्या.

"उद्या वारा बरा आहे, जाळायला घेते," त्या म्हणाल्या. "धूर दिसला की बंबवाले धावत सुटतात. मागच्या वर्षी सगळं भिजवून ठेवलं मेल्यांनी. तेवढं त्यांना थोपवा, जावईबापू, मग मानीन तुमच्या उपग्रहाला."

दुर्बीणरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र आलं. माळावर लाल ठिपक्यांची रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. तेवढ्यात बंबवाल्यांचा निरोप फोनवर आला : 'माळावर धूर. लागली की लावली? लगेच कळवा, गाडी तयार आहे.' दुर्बीणरावांनी झोकात उत्तर लिहिलं, 'काळजी नसावी. सासूबाईंनी आग लावली आहे. दरवर्षीच लावतात.' मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी चहा मागवला.

उत्तर गेलं बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर.

त्या ग्रुपवर बायकोची मावशी आणि मामी, म्हणजे सासूबाईंची बहीण आणि भावजय, दोघी होत्या. एका जुन्या आरशाच्या वाटणीवरून त्यांच्यात कित्येक वर्षं अबोला होता.

मावशींनी लिहिलं, 'मला संशय होताच.'

मामींनी अबोला मोडला. 'वन्सं, आरसा मी लपवला, हे तुम्हाला ताईंनीच सांगितलं ना?'

'मग दुसरं कोण सांगणार?'

इकडे बायकोचा फोन आला. "आईबद्दल हे काय लिहिलंय तुम्ही?"

"खरं तेच लिहिलंय. कौतुकानं लिहिलंय."

"कौतुकानं? जरा ग्रुप उघडून बघा."

दुर्बीणरावांनी उघडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी घाईघाईनं खुलासा टाकला : 'गैरसमज नसावा. खरोखरची आग. या कामात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.'

'ते आम्हाला आत्ताच कळलं,' मावशी उत्तरल्या.

मग दुर्बीणरावांना बंबवाले आठवले. फोन लावला तर पलीकडचा आनंदात. "तुमचं काही उत्तर नाही, म्हणून गाडी पाठवली साहेब. छान विझतेय."

संध्याकाळी सासूबाई दारात उभ्या. नखशिखांत भिजलेल्या, गालांवर काजळी. अर्धं गवत जसंच्या तसं राहिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच सगळा ग्रुप वाचून काढला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दुर्बीणरावांना झालं.

"चुकलं माझं, आई."

"गवताचं काय, उद्याही वारा आहे. उरलेलं उद्या जाळीन, आणि बंबवाल्यांना मीच फोन करीन." सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बाकी या दोघी इतक्या वर्षांनी बोलायला लागल्या, हे मात्र फार बरं झालं."

दुर्बीणरावांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझ्या हातून काहीतरी भलं झालं म्हणायचं."

"झालं तर. दोघींचं चक्क एकमत झालंय." सासूबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "शेवटचं वाचा."

मामींनी लिहिलं होतं, 'ताईंचं सोडा हो वन्सं. खरी आग या जावयानंच लावली.' खाली मावशींचा अंगठा होता, आणि त्याच्याखाली बायकोचाही.