नाना टाइप लिहीत नाहीत

नाना कंपायलरशी, म्हणजे आमचं लिहिणं संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामशी, उभं राहून भांडतात. खुर्ची मागे ढकलायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि स्क्रीनवर बोट रोखून म्हणायचं, "बठ्ठं मीच सांगू, मंग तू कसाले शे?"

नाना मूळ शिंदखेड्याचे, बोलणं अहिराणी, 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणारे; आमच्या जळगावच्या ऑफिसात सगळ्यांत वडील. सगळं जग ज्या भाषांत प्रोग्राम लिहितं त्यांत हे लिहिणार नाहीत. यांना डी नावाची भाषाच हवी! का, तर डीमधलं टेम्प्लेट. साचा एकदाच लिहायचा. मग आकडे द्या नाहीतर नावं द्या, माल कुठल्या टाइपचा, आकड्यांचा की नावांचा, ते कंपायलरनं स्वतः ओळखायचं. ओळखतोही बिचारा. पण दोंडाईच्याच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याचं काम आलं, आणि कापसाची एकही गाडी आली नाही अशा दिवसाची चाचणी नानांनी लिहिली. यादी रिकामी. रिकाम्या यादीवरून तो काय कपाळ ओळखणार? प्रोग्राम तिथेच अडला.

"नाना, टाइप लिहून टाका ना हातानं," मी म्हटलं.

"नही लिखणार."

"अहो, साहेब शनिवारी तुमचा प्रोग्राम काढून दुसऱ्याकडून लिहून घेणार आहेत."

"घेऊ दे. कंपायलरले समजाले पायजे. मन्हा घरमा बोल्याबिगर बठ्ठं समजस, ताई."

अस्सा राग आला मला! एवढ्याशा हट्टापायी वर्षाची मेहनत पाण्यात घालायला निघालेला माणूस. शनिवारी नाना आलेच नाहीत, फोनही उचलेनात. तेव्हा मी तणतणत त्यांच्या घरी गेले. आज लिहून घेतल्याशिवाय सोडायचंच नाही म्हटलं.

दार उघडंच होतं. काकू, नानांची बायको, खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती, आणि हा माणूस ऑफिसात त्याबद्दल कधी चकार शब्द बोलला नव्हता.

नानांनी पंखा बंद केला. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. पाण्याचा पेला पुढे केला, तरी नाही. उशी उंच केली, खिडकी उघडली, पाय चेपून पाहिले. नाही. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

नाना खाली बसले, त्यांचा हात धरून हळूच म्हणाले, "सकायपासून वळखी राह्यनू. माले नही समजी राह्यनं. एक डाव सांगी दे ना वं."

मी तशीच मागे फिरले. ऑफिसात येऊन तो टाइप मीच लिहिला, आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, नानांचा प्रोग्राम कुणी काढायचा नाही.