झुंजाररावाचे सुळे आणि नवा वाद

एका जंगलात, मुलांनो, पावसाळ्यात अळंबी उगवावी तसे नवे वाद, म्हणजे नवी तत्त्वज्ञानं, उगवत. जुन्या वादावर कोणी जांभईसुद्धा देत नसे. माकडं झाडावरून हसतील, याची सगळ्यांना धास्ती. तुम्ही हसू नका. मोठे झालात की तुम्हीही असेच होणार आहात.

तिथे झुंजारराव नावाचा बिबट्या राहत होता. एका दुपारी त्याने पाणवठ्यावर तानीला पकडलं. तानी म्हणजे भेकर, एवढंसं हरीण. पण व्याख्यानं तिने भरपूर ऐकली होती.

"खा," ती म्हणाली. "फक्त कुठल्या वादानुसार खाताय, तेवढं सांगा."

"भूक लागली म्हणून खातोय."

वर माकडं फिसकन हसली. झुंजारराव ओशाळला. भूक हा आजोबांच्या काळातला विचार, हे त्यालाही ठाऊक होतं. पंजा जरा सैल करून त्याने हळूच विचारलं, की सध्या काय चालू आहे?

सध्या वस्तुवाद आहे, तानीने सांगितलं. त्यात सगळ्या वस्तू एकाच पायरीवर. भेकर आणि धोंडा यांत फरक करणं मागासलेपणाचं.

"मग धोंडाच खा की," ती म्हणाली.

माकडं बघत होती. झुंजाररावाने ऐटीत धोंड्याचा चावा घेतला. कटकन आवाज झाला आणि वरचे दोन्ही सुळे गळून पडले. माकडांनी टाळ्या पिटल्या, तोवर तानी पसार झाली होती. खरं सांगतो, मीही टाळ्या पिटल्या असत्या.

गोष्ट इथेच संपवणार होतो, पण तुम्ही अजून जागे आहात.

झुंजारराव उपाशीपोटी गुहेत बसून विचार करू लागला. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःचा वाद काढला, मृदुवाद. जे कठीण ते मिथ्या, जे लुसलुशीत तेच सत्य. माकडांना तो फार आवडला.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून तानीला बोलावणं आलं. हा विचार तुझ्यामुळेच सुचला, असा निरोप होता. तो खराच होता.

"तानी, नको गं जाऊस," आई म्हणाली. "पळ इथून."

तानीला आईची कीव आली. पळणं म्हणजे किती जुनाट.

ती कानामागे फूल खोवून वेळेआधीच पोचली. पाहुण्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत बसली. त्या रांगेत दुसरं कोणी नव्हतं.

तात्पर्य : तत्त्वज्ञानातल्या नव्या चळवळींचा आजच्या जगण्याशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी एकदा झुंजाररावाची तब्येत पाहून यावी. चांगलीच सुधारली आहे.