टाकळकरांचा डोंगर बघण्याचा कार्यक्रम

टाकळकरांच्या घरी डोंगर बघायला जायचं, तर मुलगी बघायला गेल्यासारखं जावं लागे. आधी कोचावर बसायचं, मग पोहे घ्यायचे, आणि पोहे निम्मे झाले की टाकळकर कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण हळूच उचलत. आत पडद्यावर डोंगर, तळं आणि संध्याकाळ. स्वतः मात्र ट्रे छातीशी धरून आमच्या पाठीमागं उभे.

पोह्यांत मीठ नसे. त्यांचं रोजचं जेवण डब्याचं, पोहे फक्त पाहुण्यांसाठी. चवीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून आम्हीही कधी बोललो नाही. जाणकार मंडळी घरून निघतानाच लोणच्याची फोड तोंडात टाकून येत.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. पुण्याजवळच्या सूसमध्ये घरमालकीण पारूआत्यांच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर. टाकळकर मूळचे परभणीकडचे, पिरंगुटच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. वय चाळिशीपार, लग्न नाही. सूर्य कुठं, पाणी किती, धुकं किती एवढं सांगून ठेवलं की त्यांचा कॉम्प्युटर रात्रभर खपून डोंगर रचायचा. चित्र वरून खाली उमटे, त्यामुळं मध्येच वीज गेली की नुसतं आभाळ हाती लागे. गुरुवारी तर वीज जायचीच. ‘गुरुवारची आभाळं’ म्हणून त्यांनी ती वेगळी जपून ठेवली होती.

‘छान’ हा शब्द त्या घरात शिवीसारखा. “छान काय, वहिनी! खोट काढा. आणि नुसती खोट नको, कारण सांगा.” माझा नवरा सुहास एकदा सुटका करून घ्यायला “बघून कळवतो” म्हणाला, तर टाकळकरांनी त्याच्या हातातली बशीच काढून घेतली. त्यानं मनातल्या मनात आभार मानले.

अभिप्राय घेण्यात जसे, तसेच देण्यात. इंटरनेटवर जगभरातले असले डोंगरवेडे आपापली चित्रं टाकत आणि एकमेकांची मतं मागत. ज्या चित्राखाली कुणी एक अक्षरही लिहिलेलं नाही, नेमकं तेच टाकळकर शोधून काढत आणि त्या बापड्याला इंग्रजीत पानभर लिहीत. ढगाची सावली तळ्यावर का नाही, झाडं एकाच उंचीची कशी. माझ्या दिवाळीच्या रांगोळीलाही त्यांनी सोडलं नाही. “वहिनी, या पणतीची सावली कुठाय?”

“केर काढताना झाडूनं नेली.”

“कारण पटलं,” म्हणाले आणि गेले.

एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालून खाली उतरणाऱ्या पारूआत्या त्यांच्या तावडीत सापडल्या. बाई चित्रासमोर ठाण मांडून बसल्या.

“कुनाचं रान हाय ह्ये?”

“कुणाचंच नाही, आत्या. कॉम्प्युटरनं केलंय.”

“मंग बरंय. इकायला कुनी मागं लागायचं न्हाई.” महाळुंग्याकडचे जमिनीचे एजंट तेव्हा त्यांच्या ओट्यावर रोज चहा पीत बसलेले असत.

“खोट सांगा ना.”

“खोट व्हय? लई मोटी हाय. येवढा डोंगर चढून मानूस येनार, त्यानं टेकायचं कुटं? हितं बसायला जागाच न्हाई.”

 पुढच्या कार्यक्रमाला मी आणि सुहास गेलो, तेव्हा तळ्याकाठी एक चांगला सपाट धोंडा आलेला होता.

“धोंडा ठीक,” मी म्हटलं. “पण टाकळकर, तुम्हाला खोटींचा एवढा सोस का हो?”

ते ट्रेकडे बघत म्हणाले, “वहिनी, कितीतरी वर्षं मुली बघितल्या. पोहे खाल्ले, उठलो. सगळीकडून एकच उत्तर, ‘कळवतो.’ नकाराचं काही नाही हो. पण कारण कुणी सांगितलं असतं, तर दुरुस्त केलं असतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही इतके दिवस बघताय. सांगा ना, माझं काय चुकतं?”

माझी जीभ कात्रीसारखी चालते, असं सासूबाई सगळ्या गावाला सांगतात. तेव्हा ती चालेना. मला फार वाईट वाटलं. ‘तुम्ही चांगले आहात’ असं म्हणावंसं वाटलं, पण ते ‘छान’मध्येच जमा झालं असतं. शेवटी दर वेळी डोळ्यांना दिसत होतं, तेच बोलले.

“तुम्ही बसत नाही. आम्हाला बसवता आणि स्वतः मागं उभे राहता. आमच्याबरोबर कधी बसलायत?”

टाकळकरांनी विचार केला. आत गेले, स्वतःसाठी बशी भरून आणली आणि सुहासशेजारी कोचाच्या कडेवर टेकले. पहिला घास घेतला आणि थांबले.

“वहिनी, यात मीठ नाही.”

“नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्या डोंगरापासून,” सुहास म्हणाला.

“मग सांगितलं का नाही कुणी?”

“तुम्ही डोंगराबद्दल विचारत होता,” मी म्हटलं.

टाकळकर हसायला लागले. इतक्या मोठ्यानं हसताना त्यांना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मग ते मीठ आणायला उठले, आणि मीठ घेऊन पुन्हा आमच्याजवळ येऊन बसले.